काळ्या मोहऱ्यांची चढाई

बुद्धिबळाच्या डावांत पहिली खेळी पांढऱ्याची. एका खेळीचा हा लाभ दिसावयास लहान. परंतु बरोबरीच्या खेळाडूंत तेवढ्यावरही डावाचा कल ठरतो. म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस युरोपांत जे मोठे शिक्षक झाले, त्यांचा काळ्याला उपदेश प्रायः असा असे कीं, आधीं पांढऱ्याची बरोबरी साधावी, आणि ती साधली म्हणजे मग जिंकण्याची गोष्ट बोलावी. आज ज्या बचावाचा इतिहास मी आपणांपुढें मांडणार आहें, त्यानें हा उपदेश मानला नाहीं. पहिल्या कांहीं खेळ्यांत तो पांढऱ्याला पटाचा मधला प्रदेश घेऊं देतो, आणि पुढें त्याच पांढऱ्याच्या राजावर चालून जातो. इंग्रजींत त्याला ‘किंग्ज इंडियन डिफेन्स’ म्हणतात. आपण त्याला राजाचा हिंदुस्थानी बचाव म्हणूं. नांवांत बचाव असला तरी त्याचा जीव चढाईंत आहे. ती चढाई कशी उभी राहते, कोणतें मोहरें कोठें ठेविल्यानें ती साधते, आणि हें ज्ञान कोणत्या क्रमानें हातीं आलें, हा आजचा विषय.

प्रथम मांडणी पाहूं. ज्यांच्या घरीं पट असेल त्यांनीं तो पुढें घेतल्यास बरें. घरें मोजतांना ज्याचें मोहरें, त्याच्या बाजूनें मी मोजणार आहें. पहिलें घर म्हणजे त्याची स्वतःची मागली ओळ. पांढरा वजिरापुढचें, वजिराच्या उंटापुढचें व राजापुढचें, अशीं तीन प्यादीं दोन दोन घरें पुढें टाकतो आणि पटाचा मध्य व्यापतो. काळा त्याला अडवीत नाहीं. तो राजाच्या बाजूचा घोडा बाहेर काढतो, त्या घोड्यापुढचें प्यादें एकच घर सारतो, रिकाम्या झालेल्या जागीं राजाचा उंट बसवितो, वजिरापुढचें प्यादें तिसऱ्या घरांत आणतो आणि किल्लेकोट करून राजाला कोपऱ्याकडे नेतो. हा उंट म्हणजे तटावर चढविलेली तोफ. तिचा मारा पटाच्या एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत, थेट मध्यांतून जातो.

या मांडणीचें नांव हिंदुस्थानावरून कां पडलें, याची हकीकत कलकत्त्याची आहे. तेथें एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास जॉन कॉक्रेन नांवाचे एक स्कॉटिश बॅरिस्टर राहत असत. तरुणपणीं, १८२१ सालीं, ते पॅरिसला जाऊन देशापेल व लाबुर्दोने या त्या काळच्या अग्रगण्य फ्रेंच खेळाडूंशीं खेळून आलेले होते. कलकत्त्याच्या बुद्धिबळ मंडळाच्या एका सभासदाला मुफसलांत महेशचंद्र बॅनर्जी नांवाचे एक बंगाली ब्राह्मण गृहस्थ आढळले. आसपासच्या मुलखांत त्यांना हरविणारा कोणी नव्हता. त्यांची व कॉक्रेन यांची गांठ घालून देण्यांत आली, आणि १८४८ पासून पुढें कित्येक वर्षें हे दोघे समोरासमोर बसत आले. त्यांचे शेंकडों डाव झाले व त्यांतले पुष्कळ छापून राहिले आहेत.

दोघांच्या वृत्ती अगदीं भिन्न. कॉक्रेन हे जुन्या युरोपीय तालमींतले धाडसी खेळाडू. चौथ्याच खेळीला दोन प्याद्यांसाठीं घोडा बळी देऊन विरुद्ध राजाला उघड्यावर ओढण्याचा त्यांचा एक प्रयोग आजही त्यांच्या नांवानें ओळखला जातो. तो त्यांनीं १८४८ सालीं केला, आणि समोर महेशचंद्रच होते. उलट महेशचंद्रांची रीत मोहरीं मागें ठेवून, उंट कोपऱ्यांत बसवून, हळूहळू डाव उलगडण्याची. युरोपीय वाचकांना ही रीत विचित्र वाटली.

परंतु ज्यांनीं आपल्याकडील जुना देशी डाव पाहिला आहे, त्यांना तींत विचित्र कांहींच दिसणार नाहीं. देशी खेळांत बहुतेक प्रांतीं प्यादें पहिल्या खेळीलाही एकच घर चाले. विलायती किल्लेकोट नव्हता. त्याऐवजीं शह बसण्यापूर्वीं राजानें एकदां घोड्याची उडी मारावी, असा नियम होता. प्यादें जेथें एकेक पाऊल टाकतें, तेथें पहिल्या चार खेळ्यांत गांठ पडत नाहीं. दोन्हीं सैन्यें आपापल्या हद्दींत व्यूह रचतात, कोणतें मोहरें कोठें बसवावें याचा विचार आधीं होतो आणि लढाई मागाहून. शिवाय आपल्याकडे प्यादेमातीला मोठा मान. वजिरानें मात करणारापेक्षां प्याद्यानें मात करणारा श्रेष्ठ समजला जाई. म्हणजे धीरानें मांडणी करणें आणि प्याद्यांना युद्धाचें मुख्य साधन मानणें, हे दोन संस्कार देशी खेळाडूला खेळाच्या नियमांतूनच मिळालेले असत. महेशचंद्र विलायती नियमांनीं खेळूं लागले तेव्हां हे संस्कार त्यांच्याबरोबर आले.

त्या दोघांचा १८५५ सालचा एक डाव प्रसिद्ध आहे. त्यांत महेशचंद्रांनीं काळीं मोहरीं घेऊन उंट कोपऱ्याच्या कर्णावर बसविला, पांढऱ्याला मध्यांत प्यादीं उभीं करूं दिलीं आणि मग बाजूच्या प्याद्यानें त्या मध्याला धक्का दिला. याच मांडणीला पुढें व्हिएन्नाच्या अर्न्स्ट ग्रुनफेल्ड यांचें नांव मिळालें. त्यांनीं ती १९२२ सालीं खेळून दाखविली, म्हणजे कलकत्त्याच्या डावानंतर ६७ वर्षांनीं. ‘इंडियन डिफेन्स’ हें नांव मात्र इंग्रजी लिखाणांत १८८४ पासून आढळतें, आणि तें महेशचंद्रांच्या खेळावरून पडलें असें सांगतात.

येथें एक सावधगिरी बाळगिली पाहिजे. १८५५ चा तो डाव जिंकला कॉक्रेन यांनीं. आणि दोघांच्या एकंदर डावांतही कॉक्रेन यांचेंच पारडें जड आहे. नांव आपल्या देशाचें आहे म्हणून सारें शास्त्रही येथूनच गेलें, असें म्हणण्याचा मोह होतो. परंतु अभिमान वेगळा आणि इतिहास वेगळा. महेशचंद्रांनीं मांडणी दाखविली. त्या मांडणींतून राजावर चढाई कशी करावी, याचें पद्धतशीर शास्त्र त्यांच्या डावांतून निघालें नाहीं. तसेंच, त्यांची रीत म्हणजे केवळ अडाणी सवय, असें मानून युरोपानें तिच्याकडे पाठ फिरविली, हेंही तितकेंच चूक होतें. कल्पना खरी होती. तिला पुढची पायरी मिळावयाची होती.

ती पायरी मिळण्यास पहिलें महायुद्ध संपावें लागलें. तोंवर जर्मनीच्या डॉक्टर टाराश यांच्यासारख्या शिक्षकांची आज्ञा चाले: मध्य प्याद्यांनीं व्यापा, मोहऱ्यांना मोकळी जागा द्या, कोंडलेली स्थिति ही अर्धी हारच समजा. महायुद्धानंतर रेटी, निम्झोविच, ब्रेयर, टार्टाकोव्हर या तरुणांनीं त्याविरुद्ध बंड केलें. मध्य व्यापणें आणि मध्यावर हुकमत ठेवणें या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असें त्यांचें म्हणणें. शत्रूचीं प्यादीं मध्यांत आलीं तर येऊं द्यावीं. तींच आपल्या माऱ्याचें लक्ष्य होतील. निम्झोविच यांनीं आणखी एक सिद्धांत स्पष्ट केला. एकमेकांना आधार देत तिरपीं उभीं असलेलीं प्यादीं ही एक सांखळी. ती फोडावयाची तर शेंड्यावर घाव घालूं नये, मुळावर घालावा. हा सिद्धांत ध्यानांत ठेवावा. पुढें त्याचेंच काम पडणार आहे.

तरीही राजाचा हिंदुस्थानी बचाव त्या काळीं संशयितच राहिला. त्याला प्रतिष्ठा आणली ती सोव्हिएट खेळाडूंनीं, विशेषतः युक्रेनमध्यें वाढलेल्या आयझॅक बोलेस्लाव्स्की व डेव्हिड ब्रॉन्स्टाइन यांनीं. १९४६ सालीं मॉस्को व प्राग या शहरांच्या सामन्यांत झिटा यांच्याविरुद्ध ब्रॉन्स्टाइन काळीं मोहरीं खेळले. त्या डावांत मध्य मोकळा होता. काळ्यानें आपलें राजापुढचें प्यादें देऊन पांढऱ्याचें वजिरापुढचें प्यादें घेतलें होतें, आणि त्यामुळें त्याचें स्वतःचें वजिरापुढचें प्यादें दुबळें झालें होतें. जुन्या शास्त्राप्रमाणें काळ्यानें तें राखीत बसावयाचें. ब्रॉन्स्टाइन यांनीं त्याची पर्वा केली नाहीं. एक घोडा त्यांनीं वजिराच्या उंटाच्या पट्टींत चौथ्या घरावर रोवला, वजीर असा ठेविला कीं त्याचा तिरपा मारा मध्यांतील घोड्यावरून पांढऱ्या राजाच्या उंटापुढच्या प्याद्यापर्यंत पोंचावा, आणि वजिराच्या बाजूचें कडेचें प्यादें पुढें ढकलीत नेऊन हत्तीची पट्टी उघडली. सतराव्या खेळीला त्या हत्तीनें दूरच्या कोपऱ्यांतील पांढरा उंट मारला. हत्ती देऊन उंट घेणें हा दिसण्यांत तोटा. परंतु लांब कर्णावर पहारा करणारा तोच एक उंट होता. लगेच अठराव्या खेळीला घोड्यानें राजाच्या उंटापुढचें प्यादें घेतलें, आणि वजिराचा कर्ण व उंटाचा कर्ण हे दोन्हीं मध्यांतील एकाच घोड्यावर येऊन मिळाले. तिसाव्या खेळीला काळा विजयी झाला. हा डाव जगभर छापला गेला, आणि वजिरापुढचें तें दुबळें प्यादें ही काळ्यानें चढाईसाठीं दिलेली किंमत आहे, हें लोकांना कळूं लागलें.

मध्य मोकळा असतां उंटाच्या कर्णावर चढाई होते. मध्य बंद झाला तर काय? या बचावाचा सर्वांत रोमहर्षक भाग येथें आहे, म्हणून येथें थोडें थांबूं.

काळा राजापुढचें प्यादें चौथ्या घरांत टाकतो आणि वजिराच्या बाजूचा घोडा बाहेर काढून पांढऱ्याच्या वजिरापुढच्या प्याद्याला डिवचतो. पांढरा तें प्यादें पांचव्या घरांत सारून घोड्याला हांकलतो. घोडा राजाच्या पट्टींत दुसऱ्या घरावर येतो. वरवर पाहतां ही माघारच. पण त्या एका खेळीनें मध्य कुलूपबंद झाला. आतां तेथून कोणी आंत येऊं शकत नाहीं, आणि म्हणूनच काळ्याला आपल्या राजासमोरचीं प्यादीं निर्भयपणें पुढें नेतां येतात. घराचा मधला दरवाजा बंद आहे याची खात्री असल्यावांचून कडेच्या खोलीची भिंत कोणी पाडीत नाहीं. बंद मध्य ही या चढाईची पहिली अट होय. ती नसतां केलेली प्याद्यांची धांव म्हणजे आत्मघात.

आतां सांखळ्या पाहा. पांढऱ्याच्या सांखळीचा शेंडा वजिरापुढच्या प्याद्यांत, आणि मूळ राजाच्या बाजूला. काळ्याच्या सांखळीचें मूळ त्याच्या वजिरापुढच्या प्याद्यांत. म्हणून पांढरा वजिराच्या बाजूनें येऊन तें मूळ उपटतो, आणि काळा राजाच्या बाजूनें पांढऱ्याचें मूळ उपटतो. काळा प्रथम घोडा वाटेंतून काढून वजिराच्या पट्टींत दुसऱ्या घरावर नेतो आणि राजाच्या उंटापुढचें प्यादें चौथ्या घरांत टाकतो. पांढरा आपल्या उंटापुढचें प्यादें एक घर सारून टेकू देतो. आतां काळ्यानें मध्यांत मारामारी करूं नये. प्यादें पांचव्या घरांत पुढेंच घालावें. त्यायोगें त्याची सांखळी पांढऱ्या राजाकडे रोखली जाते, आणि पांढऱ्यानें दिलेला टेकू हाच आतां पांढऱ्या सांखळीचें नवें मूळ ठरतो. त्यावर घाव घालण्यासाठीं राजाच्या घोड्यापुढचें प्यादें चौथ्या, मग पांचव्या घरांत धाडावयाचें.

प्यादीं पुढें जात असतां मागें मोहऱ्यांची जी मांडामांड चालते, तींत या पद्धतीचें खरें शहाणपण आहे. वजिराच्या पट्टींतील घोडा पुन्हां आपल्या मूळ तिसऱ्या घरावर येऊन घोड्यापुढच्या प्याद्याच्या धांवेला आधार देतो. दुसरा घोडा राजाच्या घोड्याच्या पट्टींत, तिसऱ्या घरावर जातो आणि तेथून कडेनें पांढऱ्या राजाच्या दारांत उतरण्याची वाट पाहतो. राजाच्या बाजूचा हत्ती एक घर वर चढतो. या एका खेळीनें तीन कामें होतात: तो दुसऱ्या ओळीवरून वजिराच्या बाजूस येणाऱ्या पांढऱ्या मोहऱ्यांना आडवा होतो, पुढें घोड्याच्या पट्टींत सरकून चढाईंत सामील होतो, आणि आपली जागा उंटाला मोकळी करून देतो. ती तोफ, म्हणजे कोपऱ्याचा उंट, आतां आपल्याच बंद सांखळीमागें निरुपयोगी झालेली असते. म्हणून तो परत मूळ घरीं जातो आणि तेथून वजिरापुढच्या प्याद्याला, म्हणजे सांखळीच्या मुळाला, आधार देतो.

आणि वजिराचा उंट? तो हलतच नाहीं! नवशिक्याला वाटतें, हें मोहरें अजून खेळांत आलेलें नाहीं. वास्तविक आपल्या घरीं बसल्या बसल्या तो पांढऱ्या राजाच्या हत्तीपुढील तिसऱ्या घरावर नेम धरून असतो. शेवटीं तटाची शेवटची वीट काढावयाची वेळ आली म्हणजे तेथें आत्मसमर्पण करणारा हाच. हें जाणणारा पांढरा खेळाडू आपला घोडा मुद्दाम वजिराच्या बाजूनें आंत घुसवून याच उंटाची अदलाबदल करूं पाहतो. कारण तो गेला कीं काळ्याच्या चढाईचा निम्मा जोर गेला.

१९५३ सालीं या मांडणीची दोनदां परीक्षा झाली. अर्जेंटिनांतील मार देल प्लाता येथें युगोस्लाव्हियाचे ग्लिगोरिच काळीं मोहरीं घेऊन मिगेल नायडॉर्फ यांच्यासमोर बसले. नायडॉर्फ हे मूळचे पोलंडचे. १९३९ सालीं सामन्यांसाठीं अर्जेंटिनांत आले असतां मागें युद्ध पेटलें आणि ते तेथेंच राहिले. ग्लिगोरिच यांनीं वर वर्णिलेली चढाई करून त्यांना हरविलें. पराभव झाला, पण नायडॉर्फ यांनीं त्यांतून धडा घेतला. त्याच वर्षीं स्वित्झर्लंडांत न्यूहाउझेन व झुरिक येथें पंधरा श्रेष्ठ खेळाडूंची स्पर्धा भरली. तेथें रशियाचे तैमानोव्ह, जे नांवाजलेले पियानोवादकही होते, त्यांच्याविरुद्ध नायडॉर्फ यांनीं तेंच शस्त्र स्वतः काळीं मोहरीं घेऊन उचललें.

तैमानोव्ह यांनीं वजिराची बाजू फोडून दोन्हीं हत्ती उघड्या पट्टींत आणले. अशा वेळीं काळ्यानें भिऊन बचावाला धांवावयाचें नसतें. एकोणिसाव्या खेळीला नायडॉर्फ यांनीं घोड्यापुढचें प्यादें सहाव्या घरांत घालून तें बळी दिलें. प्यादें गेलें, परंतु सांखळी विरघळून पांढऱ्या राजाभोंवतीचीं काळीं घरें उघडीं पडलीं. आणि तोच उंट, जो तोफेच्या जागेवरून माघारीं घरीं गेला होता, आतां दुसऱ्या वाटेनें बाहेर पडून पंचविसाव्या खेळीला पांढऱ्या राजाला शह देता झाला. पाठोपाठ वजीर आला, हत्ती आले, घोडा कडेनें उतरला, आणि शेवटीं वजिराच्या उंटानें आपलें राखून ठेविलेलें काम केलें. एकही मोहरें व्यर्थ गेलें नाहीं. त्या मांडणीला आजही मार देल प्लाता पद्धति म्हणतात.

दोघेही एकाच वेळीं चढाई करीत असतां काळ्याला भरंवसा कशाचा? उत्तर साधें आहे. पांढरा आधीं पोंचला तर एखादें प्यादें किंवा मोहरें जिंकतो. काळा आधीं पोंचला तर राजाच जातो. म्हणून पांढऱ्याची एक चूकही त्याला भोंवते, आणि काळ्याला थोडा तोटा सोसूनही पुढें जातां येतें. पण याचा अर्थ काळ्यानें डोळे मिटून धांवावें असा नव्हे. विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत रशियाचे क्रामनिक यांनीं वजिराच्या घोड्यापुढचें प्यादें लवकर पुढें टाकण्याच्या जुन्या योजनेला नवी धार आणली. तिला ‘संगीन’ असें म्हणतात, आणि ती खरोखर संगिनीसारखीच लागली. ज्यांनीं हा बचाव वर्षानुवर्षें मोठ्या तेजानें चालविला, त्या कास्पारोव्ह यांनींही पुढें तो बाजूला ठेविला. आजचीं गणकयंत्रें तर अशा स्थितींत पांढऱ्याचें पारडें जड दाखवितात. तरीही हा बचाव मेला नाहीं. ज्याला काळीं मोहरीं घेऊन डाव बरोबरींत सोडावयाचा नसतो, तो आजही कोपऱ्याच्या त्या उंटाकडे वळतो.

श्रोतेहो, इतिहास शिकवितांना मुलें विचारीत, ‘अमुक कल्पना प्रथम कोणाची?’ या बचावाच्या बाबतींत सरळ उत्तर असें कीं, ती कोणा एकाची नाहीं. देशी नियमांच्या तालमींत तयार झालेल्या एका बंगाली गृहस्थानें मांडणी दाखविली. मध्य युरोपांतल्या बंडखोरांनीं तिचें तत्त्व सांगितलें. युक्रेनच्या तरुणांनीं तींत चढाई भरली. आणि एका युगोस्लाव्ह व एका निर्वासित पोलिश खेळाडूनें तिचा कस लावला. या साऱ्यांतून शिकावयाचें एकच. जो प्रतिस्पर्ध्याला पुढें येऊं देतो, तो दुबळाच असतो असें नाहीं. त्यानें आपलीं मोहरीं कोठें ठेविलीं आहेत, हें आधीं पाहावें. आज रात्रीं पट मांडलात तर काळीं मोहरीं आपल्याकडे घ्या, वजिराचा उंट घरींच राहूं द्या, आणि मध्य बंद झाल्यावांचून घोड्यापुढचें प्यादें पुढें ढकलूं नका.